कोरं सोडलेलं बेट

माझा मामा नकाशाच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होता. दुसऱ्यांनी मोजून आणलेल्या डोंगरांच्या रेषा तीस वर्षं त्याने शाईने पक्क्या केल्या. दर उन्हाळ्यात मात्र रजा टाकून तो पठारावर जायचा, स्वतःच्या डोळ्यांनी बघून डोंगर काढायला. सोबत मी. मामीला चढ झेपत नाही आणि मला नाही म्हणता येत नाही, म्हणून घडीचं स्टूल, पाण्याच्या बाटल्या आणि मामाची कुरकुर, तिन्ही ओझी माझ्याकडे.

निवृत्त होण्याआधी गावच्या चित्रप्रदर्शनात आपलं एक तरी चित्र लागावं, एवढीच त्याची इच्छा. नऊ वेळा पाठवलं, नऊ वेळा परत आलं. येणारच. कचेरीत नियम होता, जे मोजलं नाही ते काढायचं नाही, तिथे कागद कोरा सोडायचा. हा पठ्ठ्या तोच नियम चित्रातही पाळायचा. डोंगरावर ढग उतरला की तेवढी जागा कोरी. पठारावरच्या सरोवरातलं बेट धुक्याआड गेलं की तेही कोरं. चित्र उंदराने कुरतडल्यासारखं दिसायचं.

"मामा, तिथे झाडंच असणार ना? काढ की चार."

"असतील. मला दिसली नाहीत."

मी पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवली.

गेल्या उन्हाळ्यात, त्याच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी, आम्ही सहा दिवस त्या बेटासमोर बसलो. किनारा, खडक, उलट्या ठेवलेल्या होड्या, सगळं असं उतरलं होतं की बघत राहावं. बेटाचं टोक तेवढं धुक्यातून बाहेर येईना. सातव्या दिवशी रजा संपली. मला रडायचंच बाकी होतं.

चित्र प्रदर्शनात पोचवायचं काम माझं. जाण्याआधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी त्या कोऱ्या जागेत एक टेकाड आणि सहा-सात झाडं काढली. त्याचं बघून बघून माझाही हात बसला होता. परक्याला कळलंच नसतं.

चित्र लागलं. अगदी दाराजवळच्या भिंतीवर. मामी ठेवणीतले कपडे घालून आली, कचेरीतले चौघे आले. मामा चित्रासमोर उभा राहिला तो हलेचना. मला वाटलं, भरून आलं असेल.

मग तो प्रदर्शनाच्या चिटणिसांकडे गेला. "ते उतरवा. ते माझं नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मामा, इतकी वर्षं वाट बघितलीस, आणि चार झाडांसाठी?"

त्याने आवाज चढवला नाही. "तुला दिसली होती का गं?"

चित्र उतरलं.

या उन्हाळ्यात मी न विचारताच रजा टाकली आणि बाटल्या भरून वाट बघत बसले. दुपारी मामीचा फोन आला. मामा पहाटेच पठारावर गेला होता, एकटा.