आईकडचा सदतीस नंबर

गिरीज गावच्या बेलाबाईंना देवाने नवरा चांगला दिला होता. दारू नाही, पत्ते नाहीत, रविवारची देवळातली मिसा कधी चुकली नाही. पण त्या क्रिकेटवाल्यांच्या चित्रांनी तिच्या नाकी नऊ आणले होते.

नवरा सॅन्टन कचेरीत कारकून. त्याचे काका बोटीवर बटलर होते. महायुद्धाच्या आधी विलायती सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंची छोटी रंगीत चित्रं निघत, ती त्यांनी जमवली आणि मरताना पुतण्याला दिली. पन्नासांचा संच, एकही कमी नाही. त्या चित्रांना जागा व्हावी म्हणून बेलाचं लग्नातलं लुगडं पेटीतून बाहेर निघून गोणपाटात गेलं. केळीला पाणी सोडायचं राहिलं तरी चालेल, पण चित्रांना हात लावण्याआधी तो साबणाने धुऊन कोरडा केलाच पाहिजे.

शहात्तर सालच्या उपासकाळात सदतीस नंबरच्या चित्राचा कोपरा दुमडलेला सॅन्टनला दिसला. तो सरळ व्हावा म्हणून त्याने चित्र आईच्या जाडजूड प्रार्थनेच्या पुस्तकात दाबून ठेवलं. तिसऱ्या दिवशी म्हातारी गेली. बेलाने आणि शेजारच्या बायकांनी तिला नेसवलं आणि रीतीप्रमाणे हातात रोझरीची माळ आणि तेच पुस्तक दिलं. सॅन्टनने स्वतः शवपेटीला खांदा दिला.

सातव्या दिवसाच्या मिसेनंतर देवळाच्या पायरीवर लोक सांत्वनाला उभे होते. तो बेलाच्या कानाशी वाकला.

"बेला, आईच्या पुस्तकात सदतीस नंबर होता."

तिला आधी काही कळेना. कळल्यावर पायाखालची पायरी सरकली. घरी गेल्यावर त्याने उलट तिलाच धारेवर धरलं, पुस्तक देताना उघडून का नाही बघितलं म्हणून.

"मेलेल्या माणसाच्या हातात द्यायचं पुस्तक कोण झटकून बघतं?" ती म्हणाली. "आणि आईच्या पुस्तकात सिगारेटची चित्रं कोण ठेवतं?"

तिथून पाच वर्षं हेच. गावचं कबरस्थान लहान, त्यामुळे काही वर्षांनी जुनी कबर पुन्हा उघडतात आणि हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. सॅन्टनने त्याचाच हिशेब मांडला. मृतांच्या सणाला सगळं गाव मेणबत्त्या लावून प्रार्थना म्हणत असताना हा कबर खोदणाऱ्या अँथनीला हळूच विचारी, आमच्या ओळीचा नंबर कधी? बेलाला मान वर करवत नसे. पापनिवेदनाला ती दर महिन्याला रागाचंच पाप सांगे. शेवटी फादरच म्हणाले, "पुन्हा चित्रंच का?"

आगाशीचे शरदचंद्र वर्तक, तेही याच नादातले, येऊन आगीत तेल ओतत. पन्नास असले तर त्याला मोल, एकोणपन्नास म्हणजे रद्दी, असं चहा पिता पिता सांगत. ते गेले की सॅन्टन रात्रभर कूस बदलत राही.

एक्याऐंशीत कबर उघडली. बेलाने बजावलं होतं, तिथे तोंडातून चित्राचा शब्द काढलात तर मी माहेरी जाईन. तीही मागे जाऊन उभी राहिली. मातीतून रोझरीचे मणी निघाले, क्रूस निघाला. पुस्तकाचा नुसता काळा गोळा झाला होता. अँथनीने तो फावड्यावर घेऊन याच्यापुढे धरला. सॅन्टनने बघितला आणि परत आत ठेवायला सांगितलं. मग खाली बसून आईची हाडं एकेक करून स्वतःच्या हाताने पांढऱ्या कापडात भरली. त्या दिवशी तो जेवला नाही. बेलाला वाटलं, सुटलो एकदाचे.

महिन्याभराने शरदचंद्र घाईघाईने आले. मुंबईच्या जुन्या बाजारात त्यांना सदतीस नंबर मिळाला होता, अगदी कोरा. त्यांनी तो टेबलावर ठेवला.

"घ्या सॅन्टनभाऊ. झाले तुमचे पन्नास."

बेलाने मनातल्या मनात मरियेचे आभार मानले. सॅन्टनने हात धुतले, पुसले, चित्र उलटंपालटं करून बघितलं आणि परत त्यांच्यापुढे सरकवलं.

"नको. माझा सदतीस नंबर आईकडे आहे."

"अहो, पण संच अपुरा राहील."

"अपुरा कुठे? एकोणपन्नास इथे, एक तिच्याकडे."

शरदचंद्रांनी बेलाकडे बघितलं. बेलाने कपाळावर हात मारला. पाच वर्षं या माणसाने तिला झोपू दिलं नाही, गावात मान खाली घालायला लावली, आणि आता चित्र चालत घरात आलं तर म्हणतो नको.

"वहिनी, तुम्ही तरी सांगा," शरदचंद्र म्हणाले.

"मी काय सांगू?" ती म्हणाली. "सासूबाई असत्या तर त्यांनीच कान पिळला असता." आणि चहा ठेवायला ती आत गेली.