पाहुणा जेवतोय

दिवाळीच्या तोंडावर आमच्या इमारतीमागच्या आंब्याखाली एक नवरंग उतरला. हिरवी पाठ, शेपटीखाली लाल, डोळ्यांवर काळी पट्टी. उत्तरेकडच्या रानात पिल्लं वाढवून तो थंडीपुरता दक्षिणेला निघाला असणार. वाटेत त्याला फक्त गर्द सावली आणि ओलसर पाचोळा हवा असतो. एकेक पान चोचीने उलटून तो खालचे किडे, गांडुळं टिपत होता. मी खिडकीतून बघत होते.

तेवढ्यात तळमजल्यावरचे काका खराटा घेऊन आले. दिवाळीआधी ते सगळं आवार झाडून पाचोळा पेटवतात. मी लिफ्टमध्येसुद्धा कुणाशी बोलत नाही, पण तशीच अनवाणी खाली धावले.

"काका, इथलं झाडू नका."

"का गं? सणाला केर ठेवायचा? लक्ष्मी दारातून परत जाईल!"

मी बोट दाखवलं. "तो जेवतोय. कुणी जेवत असताना केर काढत नाहीत ना?"

काका हसले. "बोलतेस की तू! बरं, जेवू दे."

एवढ्या लांबच्या वाटेवर त्याला अशा किती जागा उरल्या असतील? ही एक तरी राहायलाच हवी.

एके सकाळी आंब्याखाली काहीच हललं नाही. काका खराट्यासकट हजर होते. या वेळी मी चपला घालून, सावकाश उतरले.

"गेला ना तुझा पाहुणा?"

"गेला. पण माणूस प्रवासाला निघालं की मागोमाग केर काढत नाहीत, काका."