जमिनीवर बसणारा वकील

आमच्या मेहुण्याइतका उभं राहायला नालायक वकील ठाण्याच्या कोर्टाने पाहिला नसेल. हा हिचा धाकटा भाऊ. मुंबईला कायदा शिकताना याचे सोबती आरशापुढे भाषणं घोकत. हा चाळीच्या जिन्यात बसून विटीदांडूवरून भांडणाऱ्या पोरांचे जबाब घेई. कोवळी सनद घेऊन तो आमच्याकडे राहायला आला, तेव्हा अशिलं आली ती सगळी कमरेएवढी. माझ्याच धाकट्याने फिर्याद गुदरली, की बाबांनी जत्रेला न्यायचं कबूल करून ऐन वेळी पोटदुखीचं सोंग घेतलं. मेहुणा ओसरीवर मांडी घालून गंभीरपणे म्हणाला, "भाऊजी, तुमची बाजू?" मी खटला हरलो. जत्रेला जावं लागलं.

पण कोलशेतच्या एका पोरीच्या खटल्याला मी स्वतः कोर्टात हजर होतो. पोर सहासात वर्षांची, आईबाप पटकीत गेलेले. मावशीने माजिवड्याला नेऊन जगवलेली, आणि मावशीचा वकील आमचा मेहुणा. आता चुलता तिला मागत होता, कारण बापाचं मिठागर तिच्या नावावर. जज्जसाहेब पुन्हा पुन्हा विचारत होते, "मुली, तुला कोणाच्या ताब्यात राहायचं आहे?" पोरीचे डोळे जमिनीला. समोर चुलता नजर रोखून उभा. दाराशी मावशी, पदराचा बोळा तोंडात धरून. शेवटी साहेबांनी लेखणी उचलली. "बोलत नसेल तर चुलत्याकडेच द्यावी लागेल."

तेवढ्यात आमच्या दिवट्याने पगडी काढून टेबलावर ठेवली आणि चुलत्याकडे पाठ करून पोरीपुढे चक्क जमिनीवर बसला!

"वकीलसाहेबांना भोवळ आली वाटतं," चुलत्याचे म्हातारे वकील खिदळले.

"उठा! सनद जाईल तुमची!" साहेब गरजले.

मागच्या बाकावर मी घामाने निथळत, सासऱ्यांना काय सांगायचं ते जुळवू लागलो.

"जाईल तेव्हा जाईल, साहेब. एकच विचारू द्या. उभ्या माणसाला पोरं खरं सांगत नाहीत."

 साहेबांनी मेहुण्याच्या उघड्या शेंडीकडे पाहिलं आणि लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, "विचारा."

"बाय, आज कुणाच्या हातचं जेवणार तू?"

"मावशीचे," पोर पुटपुटली, आणि मग एकदम मोठ्याने, "मना काकाकरं नको धाडू!"

साहेबांनी पोर मावशीकडे दिली. बेअदबीबद्दल मेहुण्याला झापलं ते वेगळं.

बाहेर येऊन पाहतो तर मावशीचं बोट धरून पोर तरातरा माजिवड्याच्या रस्त्याला लागलेली.

"एकदा तरी वळून बघेल वाटलं होतं," मी म्हणालो.

"नाही बघितलं तेच बरं, भाऊजी. भ्यालेलं पोर सारखं मागं बघतं."

म्हणाला खरा. पण त्या दोघी झाडांआड गेल्यावरही त्याची नजर रस्त्यावरच होती, आणि घरी चल म्हणायचं माझ्या जिवावर आलं.