विमानातली जागा विहीणबाईंनी पटकावली

आज सगळ्यात आधी कोण टपकलं म्हणता? आमच्या सुनेची आई, गडहिंग्लजच्या विहीणबाई! पहिल्या यष्टीनं, नवं लुगडं नेसून. माझी नात सई छोटं विमान चालवती, त्यात बसायला. विमान दोघांचंच, म्हणजे एकच आज्जी आधी जाणार.

सईला लायसन कवाच मिळालंय, तरी शिकवणी सुरूच हाय. कालच उजळणी करून आली. आधी कोण जाणार ते ठरवायला आज तिनं आम्हा दोघींना ओढणीचा पट्टा बांधून सोफ्यावर बसवलं.

"विमान उठताना, उतरताना कुणी बोलायचं न्हाय. तवा माझं ध्यान विमानातच पायजे. जी गप बसंल ती आधी."

विहीणबाई मूर्तीगत गप. मी बी गप हुते की! पण पावणी सकाळपासनं उपाशी, तोंडातनं निघालंच, "च्या टाकू काय हो?"

"आज्जी, तू बाद!"

विहीणबाई बसूनच ऱ्हायल्या. सईनं पट्टा सोडल्यावर म्हणाल्या, "उतरलं न्हवं विमान? मग टाका च्या. साखर जास्त."

नातीचं लई कौतुक हाय, पण पोटात जळतंय. सांगा बायांनो, घरी आलेल्या पावणीला च्या विचारायचा न्हाय व्हय?

उडायला रविवारी परत येणार हायत. च्या घरनंच पिऊन या म्हटलंय.