काचा अर्ध्याच खराब होत्या

मानपाड्याला, डोंबिवलीच्या केमिकल कंपन्यांना खेटून राहणाऱ्या माणसाची एक सोय असते. घरात काहीही बिघडलं की कंपन्यांवर ढकलून मोकळं व्हायचं. नळ गंजला, कंपनी. तुळस जळली, कंपनी. मला साधा खोकला झाला तरी आमचे हे खिडकीबाहेर बघून मान हलवायचे. सगळंच काही खोटं नसायचं म्हणा, एखाद्या दिवशी वास असा यायचा की डोळ्यांतून पाणी काढायचा. त्यामुळे आमच्या खिडक्यांच्या काचा धुरकट व्हायला लागल्या तेव्हा मी दुसरा विचारच केला नाही.

दिवाळीच्या आधी हौसेने नव्या स्लायडिंग खिडक्या बसवून घेतलेल्या आम्ही. उन्हाळा येतो न येतो तोच काचांवर दुधावर साय धरावी तसं पांढुरकं काहीतरी. साबण लावला, व्हिनेगर लावलं, वर्तमानपत्राने घासलं. छे! जवळून बघितलं तर बारीक बारीक ओरखडे, गोल गोल, एकात एक गुंतलेले. माझं डोकंच फिरलं. "अ‍ॅसिड सोडतायत मेले हवेत," म्हणत मी तडक सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले आणि तक्रार करा म्हणून त्यांच्या मागे लागले.

"करू की वहिनी," ते म्हणाले, "पण आमच्या काचा तर ठीक आहेत हो."

"वारा आमच्या बाजूने येतो," मी ठणकावलं. वारा कुठून येतो हे मला काय डोंबल ठाऊक! उचलली जीभ, लावली टाळ्याला.

घरात सासूबाईंचंही काचांवरूनच चाललेलं. सासरे गेल्यावर गावाहून त्या आमच्याकडे आलेल्या, आणि दिवसभर हॉलच्या खिडकीशी बसायच्या. मी पतपेढीतून दमून यायचे, चपला काढायच्या आतच सुरू, "काचा पुसत नाहीस वाटतं हल्ली? बाहेरचं काही म्हणता काही दिसत नाही गं." आता सासू असं म्हणाली की सुनेला काय ऐकू येणार? टोमणाच ऐकू येणार. "रविवारीच पुसल्यात, आई," असं म्हणून मी स्वयंपाकघरात दोन भांडी मुद्दाम आपटायचे.

सेक्रेटरींना पुरावा दाखवावा म्हणून एका सुट्टीच्या दिवशी मी फोटो काढायला घेतले. काढता काढता काचेवरून हात फिरवला. बाहेरची बाजू गुळगुळीत, खरखरीत होती ती आतली. म्हणजे धूर काय घरात येऊन, सोफ्यावर बसून आतून काच खातो की काय? बरं, वरचा भाग लख्ख. ओरखडे माझ्या डोक्याच्या जरा वर येऊन थांबलेले. आमचे हे ताडमाड उंच. मी सोडून एवढाच हात पोचणारं माणूस घरात एकच होतं, आणि ते तेव्हा आत झोपलेलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काचा पुसत नाही म्हणून हा सूड? नव्या कोऱ्या काचा घालवल्या माझ्या! ह्यांना काहीच बोलले नाही. दोन दिवसांनी कामावरून दुपारीच सुटले, म्हटलं रंगेहाथच पकडायचं. लॅच हळूच उघडलं. सासूबाई पदर खोचून खिडकीशी उभ्या, एका हातात भांडी घासायच्या पावडरची वाटी, दुसऱ्यात तारेची घासणी, आणि काच अशी घासत होत्या की जळलेलं पातेलं बरं.

"आई! काय चाललंय हे?"

दचकल्या नाहीत, घासणी लपवली नाही. उलट खूशच झाल्या. "आलीस? बरं झालं. तुला वेळ नसतो, म्हणून मीच घेते दुपारची. कंपनीचा धूर गं हा, मेला चिकट. बघ जरा, निघतंय का?"

येताना रिक्षात जुळवलेली सगळी भाषणं मी गुंडाळली. मी पुढे झाले आणि काच पूर्ण बाजूला सरकवली. बाहेर रखरखीत ऊन. समोरच्या गच्चीवर कुणीतरी लालभडक चादर वाळत घातलेली.

"आता दिसतंय?"

"कुठे दिसतंय! तस्संच आहे," असं म्हणून त्यांनी घासणीचा हात पुढे केला. तो सरळ ग्रिलवर आपटला. त्या थांबल्या. वाटी खाली ठेवून दुसऱ्या हाताने चौकट चाचपली, मग चौकटीतली रिकामी जागा. काचा खराब व्हायच्या आधीपासून त्या सांगत होत्या, दिसत नाही म्हणून. कंपनीचा धूर मी धरून बसलेले, तसा त्यांनीही धरलेला.

ह्यांना सांगितलं तर हे माझ्यावरच उखडले. "आईला दिसत नाही? काल तर तांदूळ निवडले तिने!" तांदूळ बोटांनीही निवडता येतात हे त्यांना कोण सांगणार.

डोंबिवलीतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात सासूबाईंना मीच घेऊन गेले. डॉक्टरीणबाई अगदी तरुण. बराच वेळ बॅटरी मारून बघत होत्या. "डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तो काढू, दिसेल. उजव्याची मला काळजी वाटते. मागची नस सुकली असेल तर काही करता येणार नाही." मग त्यांनी सासूबाईंचा डावा डोळा झाकला आणि समोर हात धरला. "आजी, किती बोटं?"

सासूबाईंनी माझा हात धरलेला होता, तो घट्ट दाबला. ओठ न हलवता, शाळेतली मुलं विचारतात तसं त्यांनी मला विचारलं, "किती आहेत गं?" इतक्या वर्षांत या बाईने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी त्यांच्या तळहातावर दोन बोटं टेकवली.

"दोन!" त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा मागे बसता का?" मी हात सोडवून घेतला आणि मागच्या खुर्चीत जाऊन बसले.

"आजी, आता सांगा. किती?"

सासूबाईंचा हात मांडीवर तसाच उघडा होता. त्या वाट बघत राहिल्या. मग हळूच मूठ मिटली आणि म्हणाल्या, "नाही गं बाई. काहीच नाही."