गुरुवारची बँक

भरमाप्पांनी एकतीस वर्षं बँकेत शिपाई म्हणून काढली. राजारामपुरीतल्या शाखेचं शटर सकाळी तेच उचलायचे आणि संध्याकाळी तेच खाली ओढायचे. मूळचे गडहिंग्लजकडचे, त्यामुळं बोलता बोलता एखादा कानडी शब्द सहज निसटायचा. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या स्लिपा भरून देणं हे काही त्यांचं काम नव्हतं, पण बाकावर कुणी कागद उलटासुलटा करत बसलेलं दिसलं की हातातली चहाची किटली खाली ठेवून ते शेजारी जाऊन बसायचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे. निवृत्त झाले तरी ते नाव गेलं नाही.

घर शिवाजी पेठेत, तालमीच्या मागच्या बोळात. दोन खोल्या, आणि बायको महादेवी. एकुलती लेक दानेश्वरी लग्न होऊन निपाणीला गेलेली.

शून्य शिलकीची खाती उघडायची सरकारी मोहीम आली, तेव्हा भरमाप्पांनी महादेवीचंही खातं उघडलं. तिला जवळ पडावं म्हणून पेठेतल्याच शाखेत. फॉर्म घरी आणला, चुलीपुढून तिला उठवलं, सही घेतली. पुढं दर महिन्याला पगारातले थोडे पैसे ते त्या खात्यावर टाकत राहिले. "हे तुझं हाय बघ," असं म्हणायचे. महादेवी मान हलवायची आणि भाकरी उलटायची.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आजच करायला लागेल, आधी डिपॉझिट भरा. दानेश्वरीला यायला संध्याकाळ होणार होती. महादेवी उठून गेली आणि दुपारी पैसे घेऊन आली. भरमाप्पा वाचले.

चार दिवसांनी शुद्धीवर नीट आल्यावर त्यांचं लक्ष तिच्या गळ्याकडं गेलं. लग्नातली बोरमाळ नव्हती.

"कुठं हाय गं?"

"गुजरीत सोनाराला दिली."

"आणि तुझं खातं? त्यात पैसे होते की!"

"गेलते बँकेत. परत आले."

"परत का आलीस?"

महादेवीनं त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. "झोपा आता. डॉक्टरांनी बोलू नका म्हटलंय."

भरमाप्पा मात्र त्या खाटेवर पडल्या पडल्या विचार करत राहिले. अख्ख्या गावाच्या स्लिपा आपण भरल्या, आणि घरातल्या बाईला एकदाही बँकेची पायरी चढवली नाही. पैसे साठवले, पण ते काढायचे कसे हे तिला कधी सांगितलंच नाही. ही गोष्ट त्यांना आजारापेक्षा जास्त लागली.

बरे होऊन हिंडूफिरू लागल्यावर बँकेकडून निरोप आला. बायकांसाठी आर्थिक साक्षरतेचं शिबिर होतं, पेठेत तालमीच्या हॉलमध्ये. मामा, तेवढी माणसं गोळा करा, खुर्च्या मांडा. भरमाप्पांनी घरोघर जाऊन बायका आणल्या. सरकारचे पैसे दर महिन्याला थेट खात्यावर यायला लागल्यापासून खातं नाही अशी बाई पेठेत उरली नव्हती. पण ते पैसे काढून आणायचं काम कुणाचा नवरा करायचा, कुणाचा दीर.

भिंतीवर तालमीच्या संघानं जिंकलेल्या फुटबॉलच्या ढाली, कपाटावर चषक, आणि त्यांच्यापुढं एक तरुण अधिकारी पडद्यावर चित्रं दाखवत होता. आवर्ती ठेव, विमा, वारसनोंद. मुलगा भला होता, मन लावून सांगत होता. शेवटी त्यानं विचारलं, "काही शंका?" बायकांनी बिस्किटं खाल्ली, टाळ्या वाजवल्या.

भरमाप्पा खुर्च्या आवरत होते, तेव्हा सोनूबाई मागं थांबली. शाहूवाडीकडची, पेठेत चार घरची धुणीभांडी करायची. छप्पन्न वर्षांची बाई इकडं तिकडं बघत हळूच म्हणाली, "मामा, एक इचारू? हसू नगा. बँकेत आत जाताना चप्पल भाईर काढायची असती का?"

भरमाप्पा हसले नाहीत. हातातली खुर्ची खाली ठेवून ते तिथंच बसले. दारात चपला काढून आत येणारी कितीतरी माणसं त्यांनी एकतीस वर्षांत पाहिली होती. प्रत्येक वेळी "राहू द्या, घालून या" म्हटलं होतं. पण चपलेपाशीच अडलेल्या माणसाला व्याजाचा दर सांगून काय उपयोग, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

"न्हाय काढायची," ते म्हणाले. "सोनूबाई, येत्या गुरुवारी दुपारी हितंच या. बरोबर चारजणी आणा. आपण बँक बँक खेळू."

गुरुवारी सातजणी आल्या. भरमाप्पांनी टेबल आडवं लावलं होतं, त्यावर खिडकी पाडलेला पुठ्ठा उभा केला होता. जुन्या स्लिपा होत्या, दोरीला बांधलेलं पेन होतं. ते स्वतः साहेब होऊन बसले. सोनूबाई पुढं आली.

"या ताई. बसा की. पाणी घेता?"

बायका खो खो हसायला लागल्या. "असला सायेब कुठल्या बँकेत असतोय ओ मामा?"

भरमाप्पांनी पुन्हा प्रयत्न केला, पण त्यांना रागावणं जमेना. तेवढ्यात महादेवी चहा घेऊन आली. दारात उभी राहून तिनं थोडा वेळ बघितलं, किटली खाली ठेवली आणि म्हणाली, "उठा तिथनं."

ती खुर्चीवर बसली. नवऱ्याचा चष्मा घेऊन नाकावर चढवला. मान वर न करता म्हणाली, "काय पायजे?"

सोनूबाईचं हसू पळालं. तिनं स्लिप पुढं केली. महादेवीनं ती दोन बोटांनी उचलली आणि परत सरकवली.

"सही जुळत न्हाई."

"पर माझीच हाय की..."

"घरात कोण शिकलेलं हाय का? त्याला पाठवा. उद्या या. चला, मागचे पुढं या."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. सोनूबाई खरोखरच मागं फिरली होती. भरमाप्पा भिंतीपाशी उभे होते.

रात्री जेवताना त्यांनी विचारलं, "हे सगळं कुठं शिकलीस?"

"एकदाच तर गेलते की मी," महादेवी म्हणाली. "आमटी वाढू का?"

भरमाप्पांचा घास हातातच राहिला. डोळे भरून आले. "माझं चुकलं," ते म्हणाले. एवढ्या वर्षांच्या संसारात हे शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारले असावेत. महादेवीनं आमटी वाढली. मग पदरानं त्यांचं तोंड पुसलं, लहान लेकराचं पुसावं तसं.

पुढचे सगळे गुरुवार बँक भरली. महादेवी साहेब व्हायची आणि भरमाप्पा बायकांच्या मागं उभं राहून काय बोलायचं ते सांगायचे. रडायचं न्हाई. आवाज चढवायचा न्हाई. काय अडलंय ते कागदावर लिहून मागायचं. बायका महादेवीअक्काशी भांडायला शिकल्या. अक्का हरली की टाळ्या पडायच्या.

दीड महिन्यानं सोनूबाई खऱ्या बँकेत गेली. नागपूरच्या दीक्षाभूमीला एकदा बहिणीला घेऊन जायचं होतं, तेही आरक्षणाच्या डब्यातून, बसून. त्यासाठी दर महिन्याला थोडे पैसे टाकायला आवर्ती ठेवीचं खातं उघडायचं ठरवलं होतं. भरमाप्पा रस्त्यापलीकडं झेरॉक्सच्या दुकानापाशी थांबले. आत यायचं नाही, असं तिनं बजावलं होतं.

काउंटरवरचा कारकून म्हणाला, "आज होणार नाही. उद्या या."

"उद्या कामाचा खाडा हुतोय सायेब. काय कमी हाय ते एवढं लिवून द्या."

कारकुनानं पहिल्यांदाच मान वर केली. आधार कार्डाची प्रत तेवढी नव्हती. सोनूबाई रस्ता ओलांडून आली, झेरॉक्स काढली, मामांकडं न बघताच परत गेली. बाहेर आली ती चप्पल फटाफट वाजवत. "झालं की ओ!" एवढंच म्हणाली आणि राहिलेल्या दोन घरची भांडी घासायला पळाली.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी महादेवी इरकली लुगडं नेसून तयार झाली. "मी बँकेत जाऊन येते," म्हणाली. भरमाप्पा उठायला लागले, तशी तिनं हातानंच त्यांना बसवलं.

ते बसले. पेपर उघडला, पण एक अक्षर डोक्यात शिरेना. तासभर झाला, सव्वा झाला. दोनदा दारापर्यंत जाऊन आले. शेवटी बोळात तिची पावलं वाजली.

"काय झालं? सही जुळली?"

"नवीन नमुना करून घेतला. पाचशे काढलं."

"बरं केलंस. दाव की."

"न्हाईत. परत भरलं."

"परत भरलंस? मग काढलंस कशाला?"

महादेवी उंबऱ्यातच टेकली. उन्हानं तिचा चेहरा लाल झाला होता.

"देत्यात का बघितलं," ती म्हणाली.