बीबीच्या रानडुकरांना ऐकवलेलं गाणं

बीबी या सासरच्या गावी जायचं ठरलं ते हरभऱ्यामुळे. माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे श्रीकांतच्या, उत्तमकाकांचा फोन आला की हरभरा सोलण्याजोगा झालाय, रानडुकरांनी संपवायच्या आत या. मी लगेच हो म्हटलं, पण एक अट घातली. गाडीत श्रीकांत जो बँजो लावतो, तो का लावतो ते या प्रवासात मला कळलं पाहिजे.

हा ब्लॉग वाचणाऱ्यांना माहीत आहे की मी रोज फोनवर स्टेटस टाकते: आज काय ऐकतेय आणि का. त्यातलं ‘का’ मी फार मनापासून लिहिते. श्रीकांतचं मात्र वर्षानुवर्षं एकच. कुठल्यातरी वरातीत कुणाच्यातरी मोबाईलवर घेतलेलं बँजो पार्टीचं रेकॉर्डिंग. मध्येच गाडीचा हॉर्न, कुणीतरी ‘सरका, सरका’ ओरडतंय, आणि अगदी शेवटी एक बाई खळखळून हसते. हे का ऐकतोस विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘बरं वाटतं.’ त्या हसणाऱ्या बाईबद्दल माझं मत कधीच तयार झालं होतं. लग्नाआधीची कुणीतरी असणार. मी तिला मनातल्या मनात नावही ठेवलं होतं, ते इथे लिहीत नाही.

पुण्याहून पहाटे निघालात तर दुपारच्या जेवणाला बीबीत पोचता येतं. आम्ही नगर, संभाजीनगर करत जालन्याला समृद्धी महामार्गावर चढलो आणि सिंदखेडराजाला उतरलो. समृद्धीवर रस्ता इतका सरळ आहे की झोप येते, आणि चहाची टपरी म्हणाल तर नाही. डबा, पाणी बरोबर ठेवा, पेट्रोल जालन्यातच भरा. आम्ही सिंदखेडराजाला राजवाडा बघितला आणि बाहेर मिरचीची भजी खाल्ली. दोघांचं चहासकट शंभराच्या आत भागलं. जालना मागे पडलं की माझ्या नवऱ्याची भाषा बदलते. पुण्यात ‘मला माहीत नाही’ म्हणणारा माणूस भजीवाल्याला ‘मले काय मालूम बापा’ म्हणाला, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू घट्ट बूट काढलेत. बँजो तोवर चार वेळा वाजून झाला होता. ‘का’ अजून कळायचंच होतं.

काकूंनी ज्वारीची भाकरी, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा आणि वांग्याचं भरीत केलं होतं. जेवणं झाल्यावर काकांनी मोबाईल काढला आणि या घरचा नवा नियम सांगितला. इथे आलेल्या प्रत्येक पाहुण्याने एक गाणं द्यायचं. काका शेतात मचाणावर खामगावच्या बाजारातून आणलेला भोंगा लावतात, दिवस मावळला की गाणी सुरू, म्हणजे डुकरं पिकात शिरत नाहीत. पण डुक्कर हुशार, एकाच गाण्याला आठवड्यात सरावतं. म्हणून नवीन लागतं. शिवाय गाण्याआधी पाहुण्याने स्वतःच्या आवाजात नाव, गाव आणि हे गाणं आपण का ऐकतो तेही सांगायचं.

“काऊन ऐकतो ते सांगा लागते सूनबाई,” काका म्हणाले. “नुसतं गाणं वाजलं त डुक्कर मुंडी बी वर करत नाई. मानूस बोलला का पळते.”

त्यांच्याकडचा साठा ऐकून मी पोट धरून हसले. मेहकरचे जावई सांगतात की हे गाणं आमच्या घरच्यांना फार आवडतं म्हणून ऐकतो. ते वाऱ्यावर गावभर गेलं, आणि त्यांच्या बायकोने कळवलं की मला ते मुळीच आवडत नाही. जनावरांचे डॉक्टर घाईत होते, ते फक्त म्हणालेत की मी काही ऐकत नाही, मला वेळ नाही, सोडा मला. त्यांचं म्हणे सगळ्यांत चांगलं चाललं, आठवडाभर डुकरं फिरकली नाहीत.

मग माझी पाळी. रेकॉर्डिंग गोठ्यामागे होतं, तिथे शांतता असते. मी संध्याकाळचा एक राग निवडला आणि मावळतीचा प्रकाश, मनातली हुरहुर, सुरांमधली मोकळी जागा यांवर चांगलं सविस्तर बोलले. म्हैस शेवटपर्यंत ऐकत होती. नंतर श्रीकांत गेला. तो बराच वेळ आला नाही. आल्यावर विचारलं, तर म्हणाला, सांगितलं काहीतरी. आणि काकांना हळूच बजावलं की माझं आम्ही गेल्यावर लावा. ते मी ऐकलं, आणि त्या बाईबद्दल माझी खात्रीच पटली. डुकरांना सांगतो पण मला सांगत नाही! खरं सांगते, मला ते लागलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा सांगत नाही.

त्या संध्याकाळी भोंग्यावर माझा राग वाजला. सकाळी काका शेतातून आले. चहा संपल्यावर त्यांनी फार जपून सांगितलं. डुकरं आली होती. बांधाकडचा हरभरा खाऊन तिथेच लोळली होती, मातीत अंगाचे ठसे होते.

“तुमचं लई गोड हाय सूनबाई,” काका म्हणाले, “पन गोडाले भेते कोन?”

श्रीकांतने चहाच्या कपात तोंड लपवलं. मी त्याच्याशी लोणारपर्यंत बोलले नाही. लोणार बीबीहून तासाभराच्या आत येतं. सरोवरात उतरायचं तर ऊन चढायच्या आत उतरा, चांगले बूट घाला, पाणी न्या. उतरताना सोपं वाटतं, चढताना आपलं वय कळतं. काठावर एक उग्र वास येतो, तो पाण्याचाच आहे, बरोबरच्या माणसाकडे संशयाने बघू नका. मी बघितलं, पण माझं कारण वेगळं होतं. दैत्यसूदनाचं देऊळ गावात आहे, त्यावरचं कोरीवकाम बघायला वेळ काढून ठेवा. मी ते रागातच बघितलं आणि तरी आवडलं.

परतलो तेव्हा दिवस कलला होता, म्हणून सरळ शेतावरच गेलो. काकूंनी काट्याकुट्यांवर हरभऱ्याचे डहाळे भाजले होते, हात काळे करत आम्ही खात होतो. काका मचाणावर चढले. माझ्या रागाने पिकाचं नुकसान झालेलं, आता पुतण्याला दिलेला शब्द पाळावा की हरभरा राखावा? त्यांनी हरभरा राखला. भोंगा खरखरला आणि श्रीकांतचा आवाज शिवारभर गेला.

“मी श्रीकांत, बीबीचाच. हा बँजो आमच्या वरातीतला हाय. बायको पुन्याची, मले वाटलं नाक मुरडते. पन ते बँजोपुढं नाचली. शेवटी जे हसनं हाय ते तिचंच हाय. पुन्यात कामं वाढली, आता ते तसं हसत नाई. मनून ऐकतो.”

श्रीकांत मचाणाकडे पळाला, पण उशीर झाला होता. बँजो वाजला, हॉर्न वाजला, सरका सरका झालं, आणि शेवटी ती बाई हसली. आपलं हसणं आपल्याला बाहेरून ओळखू येत नाही, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी माझ्यावरच जळत होते! माझे डोळे भरून आले, आणि तेवढ्यात तुरीच्या ओळींतून धाडधाड आवाज करत डुकरं नाल्याकडे पळाली.

“बँजोले नाई पयाले,” काका वरून म्हणाले. “सूनबाईच्या हसन्याले पयाले.”

यावर मी जी हसले ती थांबेचना. काकू हसल्या, भाजलेला हरभरा माझ्या नाकात गेला. श्रीकांत शिडीपाशी लाल कान घेऊन उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. तो हसत नव्हता, ऐकत होता.

पुण्याला आल्यावर सोले, म्हणजे हरभऱ्याचे सोललेले हिरवे दाणे, फ्रीजमध्ये गेले, बुटांवरची लोणारची माती अजून काढलेली नाही. परवा काकांचा फोन आला. डुकरं आता माझ्या हसण्याला सरावलीत, नवीन काहीतरी पाठवा म्हणाले. मी त्यांना श्रीकांतचं घोरणं पाठवलंय.

बँजो अजून गाडीत वाजतो. फक्त सरका सरका झालं की श्रीकांत आवाज बंद करतो आणि माझ्याकडे बघतो. काल सिग्नलला शेजारचा रिक्षावालाही वळून बघायला लागला, इतकी मी हसत होते.